एकावन्नावा अर्ज

पावसाळा सुरू झाला की पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक इथल्या ट्रेकिंग ग्रुपांवर एक लिंक फिरू लागते. राजमाची किंवा हरिश्चंद्रगड, बस एक, जागा पन्नास, ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’. लिंक रात्री नऊला पडते. आयोजक जेवण आटपून फॉर्म उघडतो, तर त्रेसष्ट नावं! पुढचे दोन दिवस तेरा जणांची समजूत काढण्यात जातात. कुणी म्हणतं, ‘दादा, मी नऊ वाजून दोन मिनिटांनी भरला होता.’ कुणी पैसे आधीच पाठवून मोकळं झालेलं असतं. कुणी एकाच अर्जात बायकोचं आणि मेहुण्याचंही नाव घालून ठेवलेलं असतं. बस मात्र पन्नास जागांचीच.

फॉर्मनं आपलं आपण मोजावं आणि पन्नास भरले की आपलं आपण दार लावून घ्यावं, एवढीच आयोजकाची अपेक्षा असते. गंमत म्हणजे आपल्याकडे घरोघरी वापरल्या जाणाऱ्या गुगल फॉर्ममध्ये ही सोय कित्येक वर्षं नव्हती. २००८ साली हा फॉर्म आला तो गुगलच्या स्प्रेडशीटचा जोडभाग म्हणून. लोकांकडून माहिती गोळा करायची आणि ती तक्त्यात आपोआप भरायची, एवढंच त्याचं काम. प्रश्नावलीला उत्तरं जितकी जास्त येतील तितकी बरीच. पन्नासाव्या उत्तराला थांबायचं कशाला? पण फुकट आणि सोपा म्हणून लोकांनी त्याचं नोंदणीचं रजिस्टर करून टाकलं, आणि मग रजिस्टरचे सगळे प्रश्न त्याच्या गळ्यात पडले. जॉटफॉर्म, टाइपफॉर्म यांसारख्या सेवांमध्ये अर्जांची कमाल संख्या ठरवायची सोय असते. गुगलवाल्यांना वळसा घ्यावा लागला.

तो वळसा म्हणजे ॲप्स स्क्रिप्ट. गुगलच्या तक्त्यांना आणि फॉर्मना छोट्या आज्ञा शिकवण्याची ही व्यवस्था २००९ पासून आहे. मर्यादा घालायला पाच-सहा ओळी पुरतात. नवा अर्ज आला की जागं व्हायचं, आतापर्यंतचे अर्ज मोजायचे, पन्नास झाले असतील तर फॉर्म बंद करायचा आणि येणाऱ्याला ‘जागा भरल्या आहेत’ असा निरोप दाखवायचा. कोडला हात लावायचा नसेल त्यांच्यासाठी ‘फॉर्मलिमिटर’ हे ॲड-ऑन निघालं. ‘चॉइस एलिमिनेटर’ नावाचं दुसरं एक ॲड-ऑन अख्खा फॉर्म बंद न करता भरलेला पर्याय तेवढा काढून टाकतं. शनिवारची बॅच भरली की पुढच्या माणसाला फक्त रविवार दिसतो.

एवढं करूनही एकावन्नावा अर्ज कधीकधी आत येतोच.

त्याचं कारण ‘जागं व्हायचं’ या शब्दांत आहे. ही स्क्रिप्ट अर्ज आल्यानंतर चालते. म्हणजे आधी नोंद होते आणि मग मोजणी. पन्नासावा अर्ज नोंदवला गेला, स्क्रिप्ट जागी झाली, मोजू लागली, दार लावू लागली. या एक-दोन सेकंदांच्या फटीतून आणखी दोघं आत शिरतात. ट्रेकच्या ग्रुपवर हे चालून जातं, कारण एरवीही कुणाचा तरी गुडघा ऐनवेळी दुखतो. पण एका मिनिटात हजार जण ‘सबमिट’ दाबणार असतील, तर या फटीतून दोन नाही, वीस-तीस जण आत येऊ शकतात.

ही फट इंटरनेटच्याही आधीची आहे. मराठी नाटकाच्या तिकीटखिडकीवर पूर्वी प्लॅन असायचा. नाट्यगृहातल्या खुर्च्यांचा नकाशा छापलेला एक कागद, आतल्या माणसाच्या हातात एक पेन्सिल. खुर्ची विकली की त्यावर काट. प्लॅन एक, पेन्सिल एक, खिडकी एक. त्यामुळे सी रांगेतली बारा नंबरची खुर्ची दोघांना विकली जाणं जवळजवळ अशक्य होतं. त्याच प्लॅनच्या दोन प्रती करून एक दादरला आणि एक पार्ल्याला ठेवली की घोटाळा आलाच. दोन्हीकडे ती खुर्ची मोकळीच दिसते, आणि दोन्हीकडच्या माणसांनी अगदी प्रामाणिकपणे काट मारलेली असते. संगणकाच्या क्षेत्रात या घोटाळ्याला ‘रेस कंडिशन’ म्हणतात. बघणं आणि लिहिणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि त्या दोहोंच्या मध्ये दुसरा कुणी घुसू शकतो, एवढाच त्याचा अर्थ.

रेल्वेनं हा प्रश्न आधी नाटकवाल्यांसारखाच सोडवला होता. गाडीचं आरक्षण रजिस्टर ठरावीक खिडकीवर, त्यामुळे त्या गाडीचं तिकीट हवं तर त्याच खिडकीच्या रांगेत उभं राहायचं. १९८५-८६ मध्ये दिल्लीत संगणकीय आरक्षण सुरू झालं तेव्हा प्रवाशांना सर्वांत मोठं अप्रूप वाटावं अशी गोष्ट हीच होती, की कुठल्याही खिडकीवर कुठल्याही गाडीचं तिकीट मिळू लागलं. रजिस्टर एकच राहिलं, पण ते संगणकात गेलं. अमेरिकन एअरलाइन्सनं आयबीएमच्या मदतीनं उभारलेली ‘सेबर’ ही यंत्रणा १९६० च्या दशकात हेच काम विमानांसाठी करत होती. एका वेळी एकाच व्यवहाराला खुर्चीला हात लावू द्यायचा, व्यवहार एकतर पूर्ण करायचा नाहीतर झालाच नाही असं समजायचं, या विचाराला पुढे शास्त्रीय बैठक मिळाली. त्यातल्या कामासाठी जिम ग्रे या संगणकतज्ज्ञाला १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

आजच्या चांगल्या नोंदणी यंत्रणेत हे सगळं एका ओळीत बसतं. ‘किती जागा उरल्यात ते सांग’ आणि मग ‘एक कमी कर’ असं दोनदा विचारायचं नाही. ‘जागा शून्याहून जास्त असतील तरच एक कमी कर, नसतील तर नाही म्हण,’ अशी एकच अखंड आज्ञा द्यायची. डेटाबेस ती आज्ञा पुरी होईपर्यंत त्या आकड्याला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. ॲप्स स्क्रिप्टमध्येही कुलूप लावायची सोय आहे, पण त्यामुळे फक्त स्क्रिप्टच्या दोन प्रती एकमेकींच्या पायात येत नाहीत. अर्ज तर स्क्रिप्ट चालण्याआधीच आत आलेला असतो! म्हणून गुगल फॉर्मवर कडेकोट मर्यादा घालण्याच्या भरीस न पडता, स्क्रिप्टनं पहिल्या पन्नासांना ‘जागा पक्की’ आणि पुढच्यांना ‘वेटिंग’ अशी मेल पाठवणं जास्त शहाणपणाचं. दार किलकिलं राहिलं तरी बसमध्ये कोण चढणार हे नक्की ठरतं.

इथवरचा भाग तसा सुटलेला आहे. प्रोग्रॅमर मंडळी तो झोपेतही लिहितील. खरी गुंतागुंत पुढे आहे: मोजायचं काय?

अर्ज मोजायचे की माणसं? मेहुण्यासह नाव घातलेला अर्ज तक्त्यात एक ओळ असतो आणि बसमध्ये तीन खुर्च्या. ओळी मोजणारी स्क्रिप्ट इथे फसते. ‘एकूण किती जण’ या रकान्याची बेरीज घ्यावी लागते. उलट बाजूनं, नेट अडखळलं म्हणून एकाच माणसानं तीनदा सबमिट दाबलं तर ओळी तीन आणि माणूस एक. हा हिशेब चुकला की काय होतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेच्या सरकारनं घालून दिलं, आणि त्यात पुण्या-मुंबईतली कितीतरी आयटी घरं गुंतलेली होती.

एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५ हजार, आणि अमेरिकेतून मास्टर्स किंवा वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार. २००७ मध्ये अर्ज घेणं सुरू झालं त्या पहिल्याच दिवशी, २ एप्रिलला, सुमारे दीड लाख अर्ज येऊन पडले आणि सोडत काढावी लागली. तेव्हा प्रत्येक अर्ज म्हणजे कागदांचा जाडजूड गठ्ठा, वकिलाची फी, सरकारी शुल्क. उगाच कुणी भरत नसे. २०२० च्या मार्चमध्ये तिथल्या इमिग्रेशन खात्यानं काम सोपं केलं. आधी छोटी ऑनलाइन नोंदणी, शुल्क फक्त १० डॉलर, सोडतीत नंबर लागला तरच पुढचा गठ्ठा. सोय उत्तम होती. पण सोडत नोंदणीची होती, माणसाची नव्हती. एकाच उमेदवारासाठी चार कंपन्यांनी नोंदणी केली की त्याच्या नावाच्या चार चिठ्ठ्या.

लोकांच्या हे लक्षात यायला फार वेळ लागला नाही. २०२३ च्या फेरीत ७,८०,८८४ नोंदण्या झाल्या. त्यांतल्या पात्र ७,५८,९९४ पैकी ४,०८,८९१ नोंदण्या अशा उमेदवारांच्या होत्या, ज्यांच्या नावावर एकाहून जास्त नोंदण्या होत्या. म्हणजे अर्ध्याहून अधिक! पुढच्या वर्षी नियम बदलला. चिठ्ठी पासपोर्टमागे एकच, कंपन्यांनी नोंदण्या कितीही करोत. लगेच एकूण आकडा ४,७९,९५३ वर उतरला आणि एकाहून जास्त नोंदण्यांचा आकडा ४७,३१४ वर. २०२५ मध्ये शुल्कही २१५ डॉलर झालं. मर्यादा तीच, यंत्रणाही जवळपास तीच. फक्त मोजायचं एकक बदललं.

आपल्याकडे हेच काम आधार करू पाहतं. १ जुलै २०२५ पासून आयआरसीटीसीवर तत्काळ तिकीट काढायला आधार जोडलेलं खातं लागतं, आणि खिडकी उघडल्यापासून पहिली तीस मिनिटं अधिकृत एजंटांनाही लांब ठेवलं जातं. वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला, बाकीच्यांसाठी अकराला जी धुमश्चक्री होते, तिच्यात माणसाशी माणूस भिडावा, आपोआप तिकिटं काढणाऱ्या बॉटशी नव्हे, असा यामागचा हेतू.

मर्यादेचा आकडा येतो कुठून, हेही बघण्यासारखं आहे. बसच्या बाबतीत खुर्च्या मोजल्या की झालं. साताऱ्याजवळच्या कास पठारावर खुर्च्या नाहीत. काळ्या-तांबड्या जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर, आणि ऑगस्टअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत त्यावर तेरडा, सीतेची आसवं, स्मिथिया यांचे गालिचे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यात कासचा समावेश झाला आणि शनिवार-रविवारी रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. फोटोसाठी फुलांत बसणाऱ्यांनी तर कहर केला. वनविभाग आणि आसपासच्या गावांच्या समित्या मिळून इथली व्यवस्था बघतात. हंगामात दिवसाला तीन हजार पर्यटकांची मर्यादा ठरवून ऑनलाइन नोंदणी सुरू झाली, आणि दिवसाचेही वेळेनुसार तुकडे पाडले गेले. तीन हजार जण दिवसभरात विखरून आले तर पठाराला सोसतात. तेच सकाळी दहाला एकदम उतरले तर वाटाही पुरत नाहीत. एकाच आकड्याला वेळेचे कप्पे केल्यानं निम्मा प्रश्न सुटतो. ग्रंथालयाच्या शिबिरापासून रक्तदानापर्यंत कुठेही हा उपाय लागू पडावा, पण आपले आयोजक तो फारसा वापरत नाहीत.

शिवाय मर्यादा आणि क्षमता या दोन्ही सारख्याच ठेवल्या पाहिजेत असंही नाही. फुकट कार्यशाळेला नाव नोंदवणारे सगळे येत नाहीत, हे आयोजन केलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. विमान कंपन्या तर ठरवूनच खुर्च्यांपेक्षा जास्त तिकिटं विकतात. सगळेच आले तर कुणाला उतरवायचं, यावर पूर्वी विमानतळावर भांडणं होत. ज्युलियन सायमन या अर्थशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये सुचवलं की जबरदस्ती कशाला, भरपाई घेऊन कोण स्वखुशीनं मागे राहतो ते विचारा. कंपन्यांनी आधी त्याला वेड्यात काढलं आणि १९७८ मध्ये अमेरिकेत तीच पद्धत नियम म्हणून आली. आपल्या रेल्वेनं काढलेला मार्ग अस्सल देशी: आरएसी. एका बाजूच्या बर्थवर दोघांनी बसून निघायचं, कुणी आलं नाही की आडवं व्हायचं. पूर्ण हो आणि पूर्ण नाही यांच्या मधली ही पायरी ज्यानं शोधली, त्याला माणसांचा स्वभाव चांगला कळत असणार.

पैसे घेऊन नोंदणी असेल तर आणखी एक कप्पा लागतो. फॉर्म भरला, पण पैसे अजून आले नाहीत, अशा माणसाची जागा धरायची का? धरली आणि तो गायब झाला तर ती फुकट अडली. नाही धरली आणि पैसे कापल्यावर ‘हाउसफुल्ल’ दिसलं तर शिव्या. म्हणून तिकिटांच्या संकेतस्थळांवर कोपऱ्यात ते उलटं मोजणारं घड्याळ असतं. तेवढी मिनिटं जागा तुमची. मग ती परत पेटीत. साध्या फॉर्मवर घड्याळ नसतं, तिथे ‘उद्या रात्री आठपर्यंत पैसे आले नाहीत तर नाव पुढच्याला’ ही ओळ तेच काम करते.

आता उरतो सर्वांत अवघड प्रश्न. पन्नास जागांना पाचशे इच्छुक असतील तर पन्नास कोण? ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ हे उत्तर इतकं रुळलेलं आहे की त्यात काही ठरवलं गेलंय हेही जाणवत नाही. खिडकीसमोरच्या रांगेत ते बऱ्यापैकी न्याय्य होतं. जो पहाटे उठून आला त्यानं निदान त्रास तरी घेतला. ऑनलाइन फॉर्मपुढे पहिलं कोण येतं? ज्याचं नेट वेगवान, ज्याच्याकडे लॅपटॉप, ज्याला लिंक आधी कळली, आणि जो त्या क्षणी शेतात, लोकलमध्ये किंवा ड्युटीवर नव्हता, तो.

२०२१ च्या उन्हाळ्यात हे सगळ्या देशानं पाहिलं. अठरा वर्षांवरील सर्वांसाठी कोविड लसीच्या कोविन पोर्टलवर २८ एप्रिलला दुपारी चार वाजता नोंदणी उघडली. सुरुवातीला पोर्टल अडखळलं, तरी पहिल्या दिवसात सव्वा कोटीहून जास्त लोकांनी नाव घातलं. लस मोजकी होती. केंद्रांच्या वेळा जाहीर झाल्या की काही सेकंदांत भरत. प्रोग्रॅमर तरुणांनी जागा उघडल्याबरोबर टेलिग्रामवर सूचना देणारी साधनं बनवली. हेतू चांगला, पण ती पोचली टेलिग्राम वापरणाऱ्यांपर्यंत. मुंबई-पुण्यातली माणसं गाड्या काढून आसपासच्या ग्रामीण केंद्रांवर लस घेऊन आली आणि गावातली माणसं आपल्याच आरोग्य केंद्राबाहेर उभी राहिली. २४ मे रोजी केंद्र सरकारनं १८ ते ४४ वयोगटासाठी सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणीची मुभा दिली. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयानंही ऑनलाइन नोंदणीच्या सक्तीवर आणि डिजिटल दरीवर प्रश्न विचारले. कोविनची मोजणी बिनचूक होती. वाटपाचा नियम मात्र शहरातल्या बोटांच्या बाजूनं होता.

मनोरंजनात हेच दृश्य २२ सप्टेंबर २०२४ ला दिसलं. नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होणाऱ्या कोल्डप्लेच्या कार्यक्रमाची तिकिटं दुपारी बाराला बुकमायशोवर खुली झाली. एका माणसाला चारच तिकिटं अशी मर्यादा होती. गर्दीपुढे संकेतस्थळ आडवं झालं, मग लाखांतले रांगक्रमांक दिसू लागले, आणि थोड्याच वेळात अडीच हजारांपासून पस्तीस हजारांपर्यंतची तिकिटं दुसरीकडे कित्येक पट भावानं झळकू लागली. अशा ठिकाणी आभासी प्रतीक्षागृह वापरतात. बाराच्या आधी आलेल्या सगळ्यांना एकत्र थांबवायचं आणि बाराच्या ठोक्याला त्यांचे क्रमांक चिठ्ठ्यांसारखे वाटायचे. म्हणजे सकाळी सातपासून पान उघडून बसलेल्याला साडेअकराला आलेल्यापेक्षा जास्त हक्क नाही. लोकांना हे अन्यायाचं वाटतं. प्रत्यक्षात सर्व्हरवरचा ताण आणि बॉटचा फायदा, दोन्ही त्यामुळे कमी होतात.

याचंच पुढचं टोक म्हणजे म्हाडाची सोडत. तिथे अर्जांवर मर्यादाच नसते. मर्यादा घरांवर असते. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबई मंडळाच्या ४,०८२ घरांसाठी सुमारे १ लाख २० हजार अर्ज होते. महिनाभर खिडकी उघडी, पहिल्या दिवशी भरा की शेवटच्या, संधी सारखी. तीच म्हाडा विरार-बोळींजची न विकलेली घरं ‘प्रथम येणाऱ्यास’ तत्त्वावर विकत आली, आणि तेही बरोबर, कारण तिथे घरं जास्त होती आणि घेणारे कमी. मागणी पुरवठ्याच्या आसपास असेल तर घड्याळावर सोडावं, दसपट असेल तर चिठ्ठ्या टाकाव्यात, एवढा विवेक म्हाडाला जमला आहे. शाळांच्या पालकसभा आणि उन्हाळी शिबिरांच्या समित्यांना तो जमायला हरकत नसावी. पन्नास जागांच्या लोकप्रिय शिबिराचा फॉर्म तीन दिवस उघडा ठेवून चौथ्या दिवशी तक्त्यातच चिठ्ठ्या काढता येतात. त्यासाठी स्प्रेडशीटमध्ये यादृच्छिक आकडा देणारं एक साधं सूत्र पुरतं.

तेव्हा पुढच्या वेळी नोंदणीचा फॉर्म बनवाल तेव्हा जागा किती, एका अर्जात किती माणसं चालतील, भरल्यावर वेटिंग घेणार की नाही आणि निवड वेळेनुसार की सोडतीनं, हे फॉर्मच्या माथ्यावरच लिहा. स्क्रिप्ट लावली असेल तर आधी मर्यादा तीन ठेवून घरच्या चार फोनांवरून एकदम भरून बघा. आणि तुम्ही आयोजक नसून पन्नासातले एक असाल, आणि जाणं जमणार नसेल, तर शनिवारी रात्री अकरापर्यंत थांबू नका. कळलं त्याच दिवशी नाव मागे घ्या, वेटिंगवरच्या पहिल्याला बॅग भरायला वेळ मिळेल.